उजनी 'मायनस'मध्ये गेलं म्हणजे नक्की कुठे गेलं?

कोरडवाहू | १९ मे २०२४, रात्री १०.४०

आमच्या घरात सध्या पाटबंधारे खात्याची एक शाखा उघडली आहे. आई सकाळी चहाचा कप हातात घेतला की विचारते, "आज किती मायनस?" मी मोबाईलवर बघून सांगतो. पन्नाशीच्या खाली, काल त्याहून खाली, आज अजून खाली. ती जरा वेळ हिशेब केल्यासारखं करते आणि म्हणते, "मग आता मारुतीचा पार उघडा पडला असंल."

आईचं माहेर करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठी. उजनी धरणाच्या फुगवट्यात गेलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या नावाची आता दोन गावं आहेत आणि 'खरं गाव आमचं' यावरून दोन्हीकडचे अजून भांडतात. आईचं लग्न गाव उठायच्या आदल्या वर्षी झालं. त्यामुळे घरं पाडताना, पाणी चढताना तिने काहीच पाहिलं नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली ती एकदम नव्या गावठाणात, पत्र्याच्या खोलीत.

तर प्रश्न दोन. एक, हे 'मायनस' प्रकरण कोणी नीट समजावून सांगेल का? शून्याच्या खाली पाणी असतं म्हणजे काय? आमच्या ऑफिसात एकाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, धरणावर उधारी आहे का. दुसरा, पळसदेवचं देऊळ आणि कुगावचा वाडा उघडा पडलाय असं वाचलं. सत्तरीच्या बाईला घेऊन तिकडे जाता येईल का?

---

टीएमसीवाला | १९ मे, रात्री ११.२५

उधारी, हे उत्तम आहे. बरंचसं खरंही आहे.

नोकरीची बरीच वर्षं याच आकड्यांत गेली, म्हणून जरा लांबण लावतो. धरणातलं पाणी कागदावर दोन थरांत मोजतात. खाली मृतसाठा, वर उपयुक्त साठा. मृतसाठा ठेवतात तो मुख्यतः गाळाला जागा म्हणून. शिवाय कालव्याचं तोंड काही उंचीवर असतं, त्याच्या फार खालचं पाणी कालव्यात आपणहून चढत नाही. टक्केवारी काढतात ती फक्त वरच्या थराची. वरचा थर संपला की शून्य. त्याखाली उतरलं की उणे.

आता उजनीची गंमत बघा. एकूण साठा ११७ टीएमसीच्या थोडा वर. त्यात उपयुक्त ५३.५७ आणि मृत ६३.६६. म्हणजे 'मृत' भाग 'जिवंत' भागापेक्षा मोठा! महाराष्ट्रात इतर कुठल्या मोठ्या धरणाचा असा थाट नाही. कोयना एकूण १०५ टीएमसी, जायकवाडी १०२ च्या वर, म्हणजे एकूण पोटाने उजनी दोघांनाही भारी. पण वापरायच्या पाण्यात जायकवाडी पुढे, कारण त्याचा मृतसाठा लहान.

उणे ५० टक्के म्हणजे ५३.५७ च्या निम्मे, सुमारे २७ टीएमसी, मृतसाठ्यातून उपसून झाले. खाली अजून ३६-३७ टीएमसी आहे. पुणेकरांसाठी तुलना: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तर मिळून २९ टीएमसी होतात. म्हणजे बातम्यांत 'तळ गाठला' म्हणतात त्या उजनीत आज पुण्याच्या चारही भरलेल्या धरणांपेक्षा जास्त पाणी आहे. तरीही सोलापूर जिल्ह्यात टँकर. हे कसं, ते इतर सांगतीलच.

---

नुसताच_वाचक | १९ मे, रात्री ११.५२

टीएमसी म्हणजे किती हो? आम्ही आपले बादल्यांत मोजणारे.

---

टीएमसीवाला | २० मे, सकाळी ६.१०

एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये २,८३१ कोटी. आणि एक सोपं कोष्टक पाठ करून ठेवा: साडेअकरा हजार क्युसेकने (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी दिवसभर वाहिलं की एक टीएमसी. पावसाळ्यात 'दौंडला लाखाचा विसर्ग' (दौंड म्हणजे उजनीच्या वरच्या अंगाला) अशी बातमी आली की मनातल्या मनात भागायचं. दिवसाला साडेआठ टीएमसीहून जास्त आलं.

अजून एक. पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर, शून्याची पातळी ४९१.०३. म्हणजे सगळा उपयुक्त साठा फक्त ५.८ मीटरच्या जाडीत आहे. दीड-दोन मजल्यांएवढ्या उंचीत ५३ टीएमसी! यावरून पसारा किती असेल बघा, भरल्यावर तीनशे चौरस किलोमीटरहून अधिक. कोयनेसारखी डोंगरातली खोल घळ नाही ही. सपाट माळावर ठेवलेली परात आहे. परातीतलं पाणी उन्हात किती टिकणार? मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर बाष्पीभवन धरा आणि अडीचशे चौरस किलोमीटर पाणी धरा. रोज २५० कोटी लिटर नुसतं आभाळात.

---

सात_रस्ता | २० मे, सकाळी ९.३०

सोलापूरहून बोलालोय. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो. उजनी भरलेलं असलं तरी तसाच आणि मायनस असलं तरी तसाच, त्यामुळे आम्ही टक्केवारी बघणंच सोडून दिलंय बे.

एक किस्सा मात्र सांगायलाच पाहिजे. शहराला पाणी दोन वाटांनी येतं. एक उजनीवरून थेट जलवाहिनी. दुसरी वाट नदी. धरणातून भीमेत पाणी सोडतात, ते पंढरपूर मार्गे लांबवर वाहत औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत पोचतं. तिथून उपसा. आता या बंधाऱ्यांत मावतं एक टीएमसीच्याही आतलं पाणी. ते भरायला धरणातून सोडावं लागतं पाच-सहा टीएमसी. बाकीचं वाळूत, उन्हात आणि दोन्ही काठांच्या मोटारींत. आणि हे सगळं कागदावर 'सोलापूर शहरासाठी' म्हणून लिहितात. म्हणजे उस कुणाचा, नाव आमचं.

यंदा तर पाणी एवढं खाली गेलंय की पाईपलाईनच्या जॅकवेलपर्यंतसुद्धा (उपशाच्या विहिरीपर्यंत) येत नाही. दुबार पंपिंग चालू आहे. आधी तळ्यातून उचलून जॅकवेलमध्ये टाकायचं, मग जॅकवेलमधून सोलापूरला.

---

सिंहगडरोड | २० मे, सकाळी १०.१५

आता पुणेकरांनी पाणी पळवलं अशी पोस्ट कधी येते याची वाट बघतोय :)

---

सात_रस्ता | २० मे, सकाळी १०.२२

पाणी पळवत नाही हो तुम्ही. वापरून परत पाठवता. तीच तर तक्रार आहे.

---

टीएमसीवाला | २० मे, दुपारी १.४०

दोघांचंही खरं. उजनीच्या डोक्यावर घाटमाथ्यापर्यंत धरणांची उतरंड आहे. खडकवासल्याची चार, पवना, चासकमान, भामा आसखेड, कुकडीकडची डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, शिवाय घोड. ही सगळी भरून सांडली की मग उजनीला येतं. सोलापूर जिल्ह्यात पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, त्याने हे धरण भरत नाही. म्हणून सोलापूरकर पाऊस पुण्यात मागतो आणि आकडा दौंडचा बघतो. गेल्या वर्षी वरूनच आलं नाही, उजनी साठ टक्क्यांच्या आसपास अडकलं आणि यंदा जानेवारीतच शून्याखाली गेलं.

त्याहून वरची गोष्ट, मुळशी आणि मावळातली टाटांची धरणं. भीमेच्याच खोऱ्यातलं पाणी विजेसाठी घाटाखाली कोकणात उतरवतात. १९२१ चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट, तीच धरणं. ते पाणी पूर्वेकडे वळवा ही मागणी दर दुष्काळात वर येते आणि पहिल्या पावसात बुडते. उजनीतल्या देवळासारखी.

---

पाणकावळा | २० मे, रात्री ९.०५

पाण्याचा रंग उन्हाळ्यात कसा असतो हे बघायचं असेल तर कुंभारगावला या. हिरवागार शेवाळी थर, काठाला जलपर्णी, हात घातला तर खाजतो. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, सगळ्यांचं सगळं इथे येऊन थांबतं.

आणि याच पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो) येतात. गेली बारा वर्षं हिवाळ्यात भिगवण, डिकसळ, कुंभारगाव असा माझा ठरलेला फेरा आहे. लोकांना वाटतं, धरण भरलं की पक्षी जास्त. उलट आहे! तुडुंब भरलेल्या वर्षी रोहितांना उभं राहायला जागा नसते. पाणी उतरलं, गुडघाभर चिखल-पाणी राहिलं की हजारोंनी उतरतात आणि चोच उलटी करून चिखल गाळत बसतात. चित्रबलाक, पट्टकादंब, कुरव, सगळ्यांची मजा उतरत्या पाण्यात. यंदा पक्षी भरपूर होते. दुष्काळाचं कौतुक केल्यासारखं वाटेल म्हणून कुठे लिहिलं नव्हतं.

---

केळीचा_घड | २० मे, रात्री ११.३०

कंदर भागातला शेतकरी आहे, धरणग्रस्ताचा मुलगा. दिवसभर मोटारीमागे होतो म्हणून उशीर.

वर कोणीतरी 'उपसून झाले' असं लिहिलंय. ते उपसणारे आम्ही. आमची केळी आखाती देशांत जातात, त्याचे फोटो छान येतात. फोटोच्या मागे काय असतं ते ऐका. पाणी डिसेंबरात बांधाजवळ असतं. जानेवारीपासून ते रोज मागे सरकतं. आम्ही मागोमाग. पाईप जोडा, केबल वाढवा, मोटार पुढे न्या. मार्च झाला की नुसती मोटार सरकवून भागत नाही, जेसीबी लावून चारी खोदायची. नदीच्या मूळ पात्रातून पाणी चारीतून मोटारीपर्यंत आणायचं. आज माझी मोटार शेतापासून अडीच किलोमीटरवर आहे. रात्री राखण बसावं लागतं, केबलचोर तांब्यासाठी शंभर फूट वायर तोडून नेतात. पाऊस अचानक आला तर मोटार वाहून जाते. गेल्या दहा वर्षांत मी दोन मोटारी तळ्याला वाहिल्यात.

'मृतसाठा' हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा मे महिन्यात इथे राखणीला बसवा. चिलापी धरणारे भोई, गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) करणारे, मोटारवाले, सोलापूरची नळयोजना, वरच्या साहेबांचे रोहित पक्षी, सगळे त्या मेलेल्या पाण्यावर जगालेत.

---

चिलापी_फ्राय | २१ मे, सकाळी ८.४५

चिलापीचं नाव काढलंत म्हणून. भिगवणला हायवेवर मच्छीखाणावळींत जे ताट मिळतं त्यातला निम्मा मासा याच पाण्यातला. पण कटला, रोहू, वाम आता कमी झालेत, जिकडेतिकडे चिलापी. वडाप जाळ्याने बोटाएवढी पिल्लं गोळा करतात, मग मोठा मासा येणार कुठून.

---

सात_रस्ता | २१ मे, सकाळी ९.१०

आणि उस? उसाचं नाव कोणीच काढेना. जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने. धरण बांधलं तेव्हा कालव्यावर ज्वारी, गहू, भुईमूग पिकेल असं गणित होतं. केळीवाल्यांवर राग नाही, पण...

---

केळीचा_घड | २१ मे, रात्री ११.५५

उसावर उद्या बोलू.

आज संध्याकाळी वादळी वारा आला. कुगावहून कळाशीला जाणारी बोट उलटली. सात जण होते, एक जण पोहून निघाला. सहा जण सापडत नाहीत. दोन्ही काठांवर माणसं उभी आहेत.

---

कोरडवाहू | २२ मे, सकाळी ६.४०

आत्ता वाचलं. आईला अजून सांगितलं नाही.

---

पाणकावळा | २२ मे, सकाळी ७.१५

त्या बोटींत मी अनेकदा बसलोय. बाहेरच्यांना वाटतं ती पर्यटनाची होडी. ती इथली एसटी आहे. कुगाव करमाळ्यात, कळाशी इंदापुरात, समोरासमोर दिसतात. रस्त्याने जायचं तर भिगवणवरून नाहीतर टेंभुर्णीवरून वळसा. दवाखाना, लग्न, बाजार, मोटारसायकलसुद्धा बोटीत चढवून नेतात.

---

केळीचा_घड | २३ मे, रात्री ९.३०

सहाही सापडले. त्यात लहान मुलं होती. अधिक काही लिहीत नाही.

आमचे वडील सांगायचे, धरणाच्या आधी उन्हाळ्यात भीमा गुडघाभर असायची, इंदापूरच्या बाजाराला धोतर वर खोचून चालत जायचे. सोयरिकी पलीकडच्याच असायच्या, कारण पलीकडे म्हणजे शेजारी. धरण झालं आणि शेजाऱ्यांच्या मध्ये समुद्र आला. शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी तेव्हापासूनची.

---

टीएमसीवाला | २४ मे, सकाळी ७.५०

जुन्या दळणवळणाचं अजून एक. पुणे-सोलापूर लोहमार्ग या पट्ट्यात आधी वेगळ्या वाटेने जायचा. धरणासाठी रुळ उचलून वर नेले. डिकसळजवळचा ब्रिटिशांचा दगडी रेल्वेपूल मात्र राहिला आणि पुढे कित्येक वर्षं लोकांनी तो रस्त्याचा पूल म्हणून वापरला. आगगाडीसाठी बांधलेल्या पुलावरून उसाच्या ट्रॉल्या.

पुनर्वसनाबद्दल माझ्या खात्याची बाजू घेणार नाही. धरणाचं काम १९६९ ला सुरू झालं, १९८० ला संपलं. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ ला. मधल्या वर्षांत जे उठले त्यांच्या वाट्याला काय आलं असेल हे या दोन तारखाच सांगतात.

---

कोरडवाहू | २४ मे, रात्री १०.२०

मामाला बदली जमीन मिळाली ती कागदावर. प्रत्यक्ष ताबा घ्यायला गेला तर तिथे दुसराच माणूस नांगर धरून उभा. त्याच्याकडेही कागद होता. पुढची अठरा वर्षं दोघे एकाच एसटीने एकाच कचेरीत जायचे, डबा वाटून खायचे आणि एकमेकांविरुद्ध तारीख लावायचे. शेवटी मामाच्या मुलीचं लग्न त्यांच्याच भाच्याशी झालं. विषयांतराबद्दल माफी.

---

कोरडवाहू | ३ जून, रात्री ११.१०

जाऊन आलो. इथल्या सगळ्यांनी वेळ देऊन लिहिलंत, तेव्हा वृत्तांत देणं भाग आहे.

आधी पळसदेव. हायवेवर जे पळसदेव लागतं ते नवीन. जुनं गाव आत, पाण्याकडे. गाडी ठेवून चालत गेलो, जमीन भेगाळलेली, भेगेत पाय मुरगळेल अशी. पळसनाथाचं देऊळ सगळंच्या सगळं कोरडं उभं होतं. चार दशकांहून जास्त काळ पाण्यात भिजून-वाळूनही कोरीव काम ओळखू येतं. वीरगळ पडलेत. गर्दी मात्र जत्रेसारखी, भेळेची गाडी, ड्रोन, लग्नाआधीचे फोटो काढणारं जोडपं. आई पाच मिनिटांत म्हणाली, "हे आपलं न्हवं. चल."

बोटीचा प्रश्नच नव्हता. भिगवणवरून वळसा घालून पलीकडे गेलो. दोन तास लागले. नव्या गावठाणातला एक चुलतभाऊ सोबत आला. तो धरणानंतर जन्मलेला, त्यामुळे वाट आई दाखवणार आणि चालवणार तो, असा प्रकार. रस्ता संपला तिथून गाळपेर. लोकांनी उघड्या पडलेल्या जमिनीत मका, चारा केलेला, तोही काढून झालेला. मग नुसता गाळ, शिंपले, तुटकी जाळी, प्लास्टिक. पुण्याच्या एका मिठाईवाल्याची पिशवी सापडली, नाव अजून वाचता येत होतं.

मारुतीचा पार काही सापडला नाही. घरांचे चौथरे दिसतात, पण सगळे एकसारखे. आईने तीनदा सांगितलं, "हे आपलं घर," तिन्ही वेळा वेगळं. मग ती गप्प झाली. मला वाटलं, आणायला नको होतं.

परत फिरताना तिला विहीर दिसली. म्हणजे विहीर गाळाने बुजलीय, दिसलं ते काठावरचं थारोळं. मोटेचं पाणी जिथे पडतं ते दगडी. ती तिथे वाकली आणि दगडाच्या कडेवर बोट फिरवू लागली. दोरीने पडलेल्या खाचा. "ही आप्पांची. डाव्या अंगाची खाच खोल हाय बघ. आमचा डावा बैल वढाळ होता." मी आयुष्यात पहिल्यांदा हे ऐकत होतो.

विहिरीला पाणी कधी टिकायचंच नाही, म्हणाली. होळीला तळ. मग पुढचे चार महिने मोट खुंटीला आणि डोक्यावर हंडे. रान सगळं कोरडवाहू, ज्वारी आली तर आली. (माझी इथली आयडी तिच्याच तोंडच्या शब्दावरून घेतलेली, हे तिला माहीत नाही.)

आणि त्या थारोळ्यापासून वीस पावलांवर एक ताजी चारी खोदलेली होती. चारीत पाणी, पाण्यात मोटार, मोटारीतून तीन इंची पाईप थेट माळाकडे गेलेला. मोटारीपाशी एक पोरगा खाटेवर झोपलेला, तो उठला. कुणाचं रान, कुठल्या गावचे, विचारपूस झाली. त्याचे आजोबाही याच गावचे निघाले. त्याने किटलीतला चहा दिला. आई थारोळ्यावर बसून प्यायली. मोटारीकडे बघत म्हणाली, "आप्पांच्या वावरात पाणी आलं म्हणायचं शेवटी."

पोरगा हसला. त्याला वाटलं, ती चेष्टा करतेय. मला अजून नक्की सांगता येत नाही.

---

पाणकावळा | ४ जून, सकाळी ६.३०

वाचलं. दुसऱ्यांदा वाचतोय.

---

नुसताच_वाचक | ४ जून, सकाळी ७.०५

वढाळ म्हणजे?

---

केळीचा_घड | ४ जून, सकाळी ७.२०

ज्या बैलाला दुसऱ्याच्या रानात घुसायची खोड असते तो. मोटेला जुंपला तरी एका अंगाला ओढतो.

कोरडवाहू, ती मोटार कुणाची ते माझ्या लक्षात आलं. आमच्याच भावकीतली आहे.

---

टीएमसीवाला | ८ जून, रात्री ९.४०

नोंद राहावी म्हणून: पातळी उणे ६० च्या अगदी काठावर जाऊन थांबली. खाली साडेएकतीस टीएमसी. आता पाऊस सुरू झालाय, इथून वर.

---

सिंहगडरोड | २६ जुलै, सकाळी ८.१५

कालपासून आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी. पहाटे झोपेतून उठलो तेव्हा गाड्या तरंगत होत्या. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला आणि वरून पाऊसही तुफान. अग्निशमनवाल्यांनी बोटीने म्हाताऱ्यांना काढलं. आम्ही सुखरूप, गाडी गेली.

सात_रस्ता, तुमचं पाणी निघालंय. यावेळी न वापरता पाठवतोय.

---

सात_रस्ता | २६ जुलै, सकाळी ८.४०

काळजी घ्या हो. गाडीचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, काल रात्री आम्ही दौंडचा आकडा बघून पेढे वाटायच्या बेतात होतो. आता पेढा घशाखाली उतरायचा नाही. म्हणजे उतरेल, पण आधी तुमची आठवण काढून.

---

चंद्रभागेकाठी | ५ ऑगस्ट, दुपारी १२.३०

पंढरपूर. मे महिन्यापासून नुसतं वाचत होतो. उजनी भरलं, भीमेत विसर्ग सुरू झालाय. आमच्याकडे आता उलटी मोजणी. नीरेवरच्या वीर धरणातून येणारं पाणी नरसिंगपूरला भीमेत मिळतं, ते उजनीच्या खालच्या अंगाला. त्यामुळे उजनी एकटी आली तर वाळवंट बुडतं, वीरचं पाणीही सोबत आलं तर घाटाच्या पायऱ्या चढून गल्लीत येतं. २०२० च्या ऑक्टोबरात आलं होतं, धरण भरलेलं आणि वरून अवकाळी. तेव्हा दुकानातला माल माळ्यावर चढवला तो मी निम्मा अजून खाली आणलेला नाही.

---

टीएमसीवाला | ५ ऑगस्ट, दुपारी २.००

दोन महिन्यांपूर्वी उणे साठ, आज शंभर. म्हणजे जवळजवळ शहाऐंशी टीएमसीची उडी. आणि लोक विचारतात, शंभरच्या वर १११ टक्के कसे भरतात. दरवाज्यांनी पूरपातळीपर्यंत जास्तीचं धरून ठेवतात, तेव्हा एकूण साठा १२३ टीएमसीपर्यंत जातो. फक्त मग वरून अचानक आलं तर पोटात जागा नसते आणि चंद्रभागेकाठींचा माल माळ्यावर जातो.

---

कोरडवाहू | ५ ऑगस्ट, रात्री १०.१५

केळीचा_घड, आईचा निरोप आहे. विचारतेय, थारोळं गेलं का पाण्यात?

---

केळीचा_घड | ५ ऑगस्ट, रात्री ११.४०

ते जुलै लागतालागताच गेलं. पोराने मोटार चार वेळा मागे घेतली, पाचव्या वेळेला रात्रीच पाणी चढलं, केबल तिथेच राहिली. जानेवारी-फेब्रुवारीत काढू म्हणतोय.

आत्याबाईंना सांगा, केळीचा घड पाठवतोय. पुण्याला कुठे उतरवू तेवढं निरोपात कळवा.

---

चिलापी_फ्राय | ६ ऑगस्ट, सकाळी ९.००

नवीन पाणी आलंय, मासेमारी बंद आहे का चालू? रविवारी भिगवणला जायचा विचार होता.